बसायला आलेल्या बायका

एका घराच्या बैठकीच्या खोलीत तीन वयस्कर बायका बसल्या आहेत. हातात विणकाम, भरतकाम. येताना त्यांनी जेवण करून आणलं आहे. त्यांच्याजवळ एक तरुण बसला आहे, अवघडून, अशा वेळी माणसानं काय करायचं असतं हे कुणी कधी सांगितलंच नाही अशा चेहऱ्यानं. त्याची मैत्रीण आतल्या खोलीत अंथरुणाला खिळली आहे आणि आता ती वाचणार नाही. तो विचारतो, मी आत्ता काही करायला हवं का? त्या म्हणतात, काही नको, तू चार घास खा. आम्ही बसायला आलोय. कुणावर असा प्रसंग आला की माणसं जातात आणि बसतात.

हे दृश्य एका चित्रपटातलं. संवाद इंग्रजीत आहे, पण माझ्या कानांना तो मराठीच ऐकू येतो. ‘बसायला येणं’ हे आपलंच क्रियापद. ‘एकदा भेटायला जाऊन यायला हवं’ असं कुणी दबक्या आवाजात म्हणालं की कुठे आणि कशासाठी हे विचारावं लागत नाही. आणि ‘सोबत’ हा शब्द तर असा की त्यात काही करायचं नसतंच, नुसतं असायचं असतं. रात्री सोबतीला कुणी येतं म्हणजे ते आपल्या घरात येऊन झोपतं. त्यानं घरातलं दुःख तसूभरही हलत नाही, तरी सकाळ होते.

फरक इतकाच की आतल्या खोलीत मरणाच्या दारात असलेली ती मैत्रीण बाहुली आहे.

‘लार्स अँड द रिअल गर्ल’ हा २००७ सालचा चित्रपट मी आजवर पाच वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी त्या बायका सुया-दोरे घेऊन बसल्या की मला रडू येतं. दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी, पटकथा नॅन्सी ऑलिव्हर यांची. त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार मात्र त्या वर्षी ‘जुनो’ला गेला. सुमारे सव्वा कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटानं तेवढीही कमाई केली नाही. लोकांनी एका ओळीतला विषय वाचला असणार आणि पुढे सरकले असणार. एक विक्षिप्त, एकटा माणूस इंटरनेटवरून माणसाच्या मापाची बाहुली मागवतो आणि ती आपली मैत्रीण आहे असं मानतो. हे ऐकल्यावर दोनच प्रकारचे चित्रपट डोळ्यांपुढे येतात, एक आचरट आणि दुसरा भीतिदायक. हा दोन्ही नाही. हसू येतं, खूप येतं, पण ते लार्सला हसणं नसतं.

गोष्ट सांगून टाकते, कारण ती कळल्यानं काही बिघडत नाही.

अमेरिकेच्या उत्तरेकडचं विस्कॉन्सिन राज्य, तिथलं एक लहान गाव. १९व्या शतकात नॉर्वे-स्वीडनकडून आलेल्या लोकांनी या भागात वस्ती केली, त्याची खूण माणसांच्या नावांत उरली आहे. लार्स लिंडस्ट्रॉम, त्याचा मोठा भाऊ गस, वहिनी कॅरिन, डॉक्टर डॅग्मार. (चित्रीकरण प्रत्यक्षात कॅनडातल्या ऑन्टारिओत झालं, पण थंडी तीच.) आभाळ राखाडी, झाडं निष्पर्ण, सगळे जाड कपड्यांत गुंडाळलेले. आई-वडिलांच्या पश्चात घरात गस आणि कॅरिन राहतात. लार्स अंगणापलीकडच्या गॅरेजमध्ये राहतो, आपखुशीनं. तो कामावर जातो, रविवारी चर्चमध्ये जातो, सगळ्यांशी सभ्यपणे वागतो. फक्त कुणी जवळ आलं की तो मागे सरतो. कॅरिन त्याला रोज जेवायला बोलावते आणि तो रोज काहीतरी कारण सांगतो. एकदा तर ती त्याला अंगणात अक्षरशः जमिनीवर पाडून जेवायला येण्याचं कबूल करून घेते. ती गरोदर आहे, हे लक्षात ठेवायचं.

लार्सच्या गळ्याशी एक विणलेलं लोकरीचं पांघरूण असतं. पोटातल्या बाळासाठी आईनं विणलेलं. ते बाळ म्हणजे तोच, आणि त्याला जन्म देताना ती गेली. वडील त्या दुःखातून कधी बाहेर आलेच नाहीत. गस मोठा झाला तसा घर सोडून निघून गेला, आणि त्या मुक्या घरात लहान लार्स एका खचलेल्या माणसाबरोबर वाढला. या सगळ्याचा चित्रपटात गाजावाजा नाही. एकही फ्लॅशबॅक नाही. एक वाक्य इथे, एक तिथे, जसं कुठल्याही घरातलं जुनं दुःख पाहुण्याला कळत जातं तसं आपल्याला कळत जातं.

मग एक दिवस तो दार वाजवतो. चेहऱ्यावर कधी न दिसलेला आनंद. म्हणतो, माझ्याकडे पाहुणी आली आहे. ती परदेशातली आहे, इंग्रजी फारसं येत नाही, चाकाच्या खुर्चीत असते, आणि ती फार श्रद्धाळू आहे. तेव्हा लग्नाआधी एका छपराखाली राहणं बरं दिसायचं नाही, तिला तुमच्या घरातली खोली द्याल का? गस आणि कॅरिन हरखून जातात. पुढच्याच दृश्यात ते दोघं सोफ्यावर बसलेले दिसतात आणि त्यांचे चेहरे गोठलेले असतात. समोर लार्स, आणि त्याच्या शेजारी बियांका.

ही बाहुली कुठल्या कामासाठी विकली जाते हे उघड आहे आणि चित्रपट ते लपवत नाही. लार्सच्या मनात मात्र ते नाहीच. त्यानं तिला धर्मप्रसारक केलं आहे, मायाळू आणि शालीन. त्यानं तिला आईवेगळी केलं आहे. आणि तिच्यासाठी जी खोली मागितली ती त्याच्या आईची होती. हे तिसऱ्या वेळी पाहताना माझ्या लक्षात आलं आणि मी चित्रपट थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

डॉक्टर डॅग्मारचं काम पॅट्रिशिया क्लार्कसन यांनी केलं आहे, आणि मला या चित्रपटात सगळ्यांत आवडलेला अभिनय त्यांचाच. त्या गावच्या डॉक्टर आहेत आणि मानसोपचारही करतात. इतक्या उत्तरेला एकाच माणसाला दोन्ही यावं लागतं. त्या बियांकाला तपासतात. रक्तदाब कमी आहे म्हणतात, दर आठवड्याला उपचारासाठी आणायला सांगतात. म्हणजे लार्स दर आठवड्याला येईल, आणि बाहेर बसून त्याच्याशी बोलता येईल. मग त्या भावाला आणि वहिनीला सांगतात की याला भ्रम झाला आहे. गस विचारतो, तो बरा कसा करायचा? डॅग्मार म्हणतात, तुम्हाला नाही करता येणार. बियांकाची गरज संपेल तेव्हा ती जाईल. ती गावात आली आहे त्याला काही कारण आहे. तोवर तुम्ही तिला माणूस समजून वागा.

गसचा चेहरा पाहण्यासारखा होतो. लोक हसतील ना! डॅग्मार ते नाकारत नाहीत.

या ‘तोवर’पाशी मी अडकले आहे. कुणाचं मन बिघडलं की आपण घरातली माणसं एकच प्रश्न विचारतो, हा कधी बरा होणार. तो प्रश्न चुकीचा नाही. पण बरं होईपर्यंतचे जे दिवस असतात, सकाळ-दुपार-संध्याकाळ, त्यांचं काय करायचं याचं उत्तर कुणी देत नाही. हा चित्रपट पावणेदोन तासांत तेवढंच दाखवतो.

गाव काय करतं? आधी चर्चमधल्या मंडळींची बैठक होते. नापसंती असतेच. मग मिसेस ग्रुनर नावाच्या म्हाताऱ्या बाई एकेकाच्या घरातली गोष्ट काढतात. कुणाचा नातलग मांजरांना कपडे घालतो, कुणाच्या भाच्यानं पैसे उडत्या तबकड्यांच्या मंडळाला दिले, कुणाची पहिली बायको हळूच वस्तू लांबवायची. ही चहाडी नसते. आपण सगळेच कुठे ना कुठे थोडे तिरपे आहोत आणि तरी या बाकांवर एकत्र बसतो, एवढीच आठवण असते. पुढच्या रविवारी बियांका चर्चमध्ये बसलेली असते.

पुढे जे होतं ते हळूहळू होतं. बायका तिचे केस कापून देतात. तिला दुकानात काम मिळतं. ती रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाते, मुलांच्या शाळेत जाते, आणि शेवटी शाळेच्या मंडळावर निवडूनसुद्धा येते. तिचं वेळापत्रक भिंतीवर लागतं, आणि लार्सला तिच्याबरोबरची संध्याकाळ मागावी लागते. तो चिडतो. तिला माझ्यासाठी वेळ नाही, कुणालाच माझी पर्वा नाही, म्हणतो.

आणि तेव्हा कॅरिन फुटते. एमिली मॉर्टिमरनं तो राग असा काही काढला आहे की आत्ता लिहितानाही तो आवाज ऐकू येतो. कुणाला पर्वा नाही? तिची खुर्ची कोण ढकलतं? तिला कामावर कोण नेतं, घरी कोण आणतं, अंघोळ कोण घालतं, कपडे कोण बदलतं, रात्री अंथरुणात कोण निजवतं? ती मोठी आहे, जड आहे, हे सोपं नाही आमच्यातल्या कुणालाच. आणि हे सगळं आम्ही तुझ्यासाठी करतो.

मला या दृश्याचं मोल वाटतं ते ‘जड’ या शब्दामुळे. प्रेमाबद्दल बोलताना आपण डोळे, आवाज, आठवणी असलं काहीबाही बोलतो. कॅरिन वजनाबद्दल बोलते. सात-आठ महिन्यांच्या पोटानं एक निर्जीव शरीर उचलायचं, न्हाऊ घालायचं, बाहीत हात घालायचे. कुणाच्या भ्रमात सहभागी होणं म्हणजे ‘हो हो’ म्हणून मान डोलावणं नाही, त्यात कंबर मोडते. घरात अंथरुणावरच्या माणसाचं ज्यांनी केलं आहे त्यांना हे सांगायला नको.

काही जण म्हणतात की असं गाव असतंच कुठे. एकही माणूस दुष्ट नाही, एकही दगड मारत नाही. ही तक्रार मी बरेच दिवस मनात घोळवली. खरं आहे, असं आख्खं गाव नसतं. पण गसकडे पाहा. पॉल श्नायडरनं साकारलेला हा भाऊ पूर्ण चित्रपटभर अवघडलेला आहे. त्याला लाज वाटते, राग येतो, तो चुकून बोलून जातो की ती बाहुली आहे. तरी रात्री तो तिचे कपडे बदलतो. चांगुलपणा अंगात उपजत असलेल्यांची ही गोष्ट नाही, नाखुशीनं का होईना पण पाळी चुकवत नाहीत अशा माणसांची आहे. आणि अशी माणसं मी पाहिली आहेत. आख्खं गाव नाही, पण एका घरात एक, दुसऱ्या गल्लीत एक, अशी.

मी स्वतः त्या माणसांत नव्हते, निदान एकदा तरी नव्हते, म्हणून हे इतकं लागतं.

आमच्या नात्यातले एक काका होते, एकटे राहणारे. त्यांच्याकडे फोन नव्हता. ते रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचे, घड्याळ लावून घ्यायला. त्या काळी एक नंबर फिरवला की फोनवर बाईचा आवाज वेळ सांगायचा. काका नंबर फिरवायचे, ताठ उभे राहायचे, लक्ष देऊन ऐकायचे, मनगटावरचं घड्याळ जुळवायचे आणि मग रिसीव्हरमध्ये म्हणायचे, ‘‘बरं ताई, आभारी आहे.’’ कधी कधी, ‘‘आज आवाज बसलाय तुमचा. काळजी घ्या.’’ घरातली मोठी माणसं एकमेकांकडे पाहून हसू दाबायची. मी अकरा वर्षांची होते आणि मला नुकतंच कळलं होतं की तो आवाज ध्वनिमुद्रित असतो. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं, ‘‘काका, ती खरी बाई नाहीये. टेप आहे ती.’’

काका म्हणाले, ‘‘माहीत आहे गं बाळ.’’

त्यानंतरही ते येत राहिले. पण फोनकडे गेले नाहीत. आमच्या भिंतीवरच्या घड्याळावरून वेळ लावायचे आणि दोन मिनिटांत निघायचे.

लार्सला माहीत असतं का, हा प्रश्न चित्रपट संपल्यावर सगळेच विचारतात. मी विचारत नाही. माहीत असणं आणि गरज असणं या दोन गोष्टी एकाच मनात शेजारी शेजारी राहू शकतात. आपणही लहानपणी भातुकलीत रिकाम्या वाटीतून बाहुलीला भरवलं आहे, वाटी रिकामी आहे हे पुरतं ठाऊक असताना. मोठं माणूस खेळात आलं तर त्याच्याकडून एकच अपेक्षा असायची, त्यानं वाटी तोंडाला लावून ‘गोड झालंय हं’ म्हणावं. बाहुलीचं लग्न लागायचं तेव्हा वरपक्ष-वधूपक्ष व्हायचे, रुसवेफुगवे व्हायचे, आणि कुणीही मध्येच उठून हे कापडाचं आहे असं म्हणायचं नाही. विस्कॉन्सिनमधलं ते गाव असं भातुकलीत येतं. आणि मोठ्या माणसांनी सगळ्यांनी मिळून मन लावून खेळल्यावर तो खेळ राहत नाही. बियांकामुळे लार्स पार्टीला जातो. बियांकामुळे तो डॉक्टरांशी बोलतो. जी दारं त्याला स्वतःला उघडता आली नसती त्यांतून तिची खुर्ची ढकलत तो आत जातो.

बाहुलीचं चित्रीकरण करताना तिला माणसासारखंच वागवलं जायचं असं नोंदलेलं आहे. तिच्यासाठी वेगळी व्हॅन असायची, तिचे कपडे आडोशाला बदलले जायचे, आणि जिथे तिचं काम नाही त्या दृश्याच्या वेळी तिला सेटवर आणलं जात नसे. लार्सचं काम करणाऱ्या रायन गॉसलिंगला भूमिकेत राहणं सोपं जावं म्हणून हे केलं. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. लार्स तिच्याकडे वळून ऐकतो, थांबतो, तिच्या न आलेल्या उत्तरावर लाजतो. १०० वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या त्याच निर्विकार चेहऱ्यापुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडून दाखवली होती, आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक, कधी शोक दिसला होता. बियांकाच्या चेहऱ्याचं तेच होतं. तिला रुग्णवाहिकेत घालतात तेव्हा मला तिची काळजी वाटली. खरोखरची काळजी. म्हणजे तोवर मीही त्या गावात राहायला गेले होते.

तिचं आजारपण लार्सच ठरवतो. डॅग्मार हे कॅरिन आणि गसला स्पष्ट सांगतात, हे मी करत नाही, तोच करतो आहे. त्याच सुमाराला तो गसला विचारतो, आपण पुरुष झालो, मोठे झालो, हे तुला कधी कळलं? तळघरात कपडे धुवायच्या यंत्रापाशी दोघं भाऊ उभे. गसला नीट सांगता येत नाही. तो अडखळत काही बोलतो, चुकलं तर कबूल करायचं, घरच्यांची काळजी घ्यायची, असं. आणि मग म्हणतो की मी तुला बाबांपाशी एकटं टाकून निघून गेलो, ते चुकलं. इतकंच. कुणी मिठी मारत नाही. मारली असती तर लार्सला सोसली नसती.

कारण त्याला स्पर्श दुखतो. डॉक्टरांना तो सांगतो, थंडीत पाय गारठून बधिर झाले आणि मग घरात उबेला आलं की जशी आग होते, तशी आग होते. मला ही उपमा फार खरी वाटते, आणि ती त्याच प्रदेशातल्या माणसाला सुचेल अशी आहे. आग होते ती बर्फात नाही, उबेत आल्यावर होते. डॅग्मार यावर उपदेश करत नाहीत. दर आठवड्याला थोडा थोडा वेळ, हाताला हात लावून पाहतात. किती दुखतं, सांग. आता? आता?

आणि मार्गो. ऑफिसमधली, बडबडी, थोडी गबाळी मुलगी, केली गार्नरनं केलेली. तिच्या टेबलावरच्या कापडी अस्वलाला सहकाऱ्यानं थट्टेत फास लावलेला असतो. ती रडत असते. लार्स ते अस्वल हातात घेतो, गाठ सोडवतो आणि अगदी गंभीरपणे त्याच्या छातीवर दाब देऊन, तोंडानं श्वास देऊन त्याला जिवंत करतो. मार्गो रडता रडता हसते. ज्याच्या बाहुलीसाठी आख्खं गाव उभं आहे, तो दुसऱ्या कुणाच्या बाहुल्याचा जीव वाचवतो. त्याला ते काही वेगळं शिकावं लागलं नाही. त्याच्या घरी महिनोन्‌महिने तेच चाललं होतं.

मग एकदा ते दोघं बोलिंग खेळायला जातात. बियांका तेव्हा शाळेच्या मंडळाच्या बैठकीला गेलेली. फार मजा येते, लार्स मोठ्यानं हसतो. बाहेर पडल्यावर बर्फात उभं राहून तो सांगतो की मी बियांकाला कधी फसवणार नाही. मार्गोला ते कळतं. निघायची वेळ होते. तो हात पुढे करतो, मध्येच थांबतो आणि हातमोजा काढतो. तीही काढते. त्या कडाक्याच्या थंडीत दोन उघडे हात एकमेकांना धरतात आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ तसेच राहतात. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत असते, दुखतंय का ते पाहायला. थोडं दुखत असावं. तो हात सोडत नाही.